शेवटच्या झंकारापासून सुरुवात

दिवाळी अंकात मी हवाईयन गिटारवर लिहिलं होतं. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातला स्टीलचा बार तारांवरून सरकवत वाजवायची ती गिटार. रेडिओवर बातम्यांना दोन-तीन मिनिटं उरली की सिनेमाच्या गाण्याची नुसती धून लागायची, ती पुष्कळदा हिचीच असायची. त्या लेखावर इतकी पत्रं आली की माझ्या दुकानाच्या काउंटरवर, सोल्डरिंगच्या सामानाशेजारी, महिनाभर त्यांचा गठ्ठा पडून होता. आर्वीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान मी १९७८ साली टाकलं आणि त्याच्या पुढच्या वर्षी गिटार घेतली. दोन्ही विद्या तेव्हापासून एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. उत्तरांतही त्या मिसळतीलच. बहुतेकांचं विचारणं फिरून एकाच जागी येतं : रेकॉर्डवर जे कानाला ऐकू येतं ते हातात कसं आणायचं? त्यातली चार पत्रं आज घेतो.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांची हवाईयन गिटार आहे. आजोबा जाऊन पाच वर्षं झाली. त्यांच्या कॅसेटी आहेत, त्यांतल्या धुना मला वाजवायच्या आहेत. मोबाइलवर बघून मी तारा साध्या गिटारसारख्या लावल्या. एकेक सूर सापडतो, पण जिथं दोन-तीन सूर एकदम घसरत जातात तिथं काहीच जुळत नाही. आजोबांचं ट्यूनिंग कोणतं होतं हे नुसत्या गाण्यावरून कळू शकतं का?
– बारावीचा विद्यार्थी, दारव्हा तालुका

उत्तर : कळतं बाबू, नक्की कळतं. आधी ते साध्या गिटारचं ट्यूनिंग उतरव. साधी, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती गिटार चार बोटांनी वाजते. एक बोट या पडद्यावर, दुसरं त्या पडद्यावर, प्रत्येक तार वेगळ्या जागी दाबता येते. तुझ्या हातात एकच सरळ बार आहे आणि तो सहाही तारांवर एकाच पडद्याच्या रेषेत बसतो. त्यामुळे इथं कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे जुळते सूर, बोटांनी घडवता येत नाही, ती खुंट्या पिळतानाच तारांत भरून ठेवायची असते. मोकळ्या तारा छेडल्यावर जी कॉर्ड वाजेल तीच बारसोबत वर-खाली सरकते. आजोबांनी कोणती कॉर्ड भरली होती, एवढंच तुला शोधायचं आहे.

ते कसं शोधायचं हे मला पुलगावच्या एका बंगाली दादांनी शिकवलं. ते तिथल्या दारूगोळा भांडारात नोकरीला होते आणि तरुणपणी कलकत्त्याला ही गिटार शिकले होते. या वाद्याचं मूळ हवाई बेटांवरचं. तिथल्या जोसेफ केकुकू या मुलानं १८८० च्या दशकाच्या शेवटी तारांवर पोलाद सरकवायची ही तऱ्हा काढली, असं मानतात. आपल्याकडे तिचं माहेर म्हणजे कलकत्ता. १९४० च्या दशकात टाऊ मो हे हवाईयन वादक तिथं राहिले, वाजवलं, शिकवलं, आणि पुढं बंगालात घरोघरी ही गिटार पोचली. कवी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध हेही हीच वाजवायचे. दादा त्या हवेत वाढलेले.

१९८१ चा हिवाळा होता. एका धुनेवर मी दोन महिने अडून बसलो होतो. रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, रेकॉर्ड लावायची आणि मुखडा घोटायचा. मुखड्याचे सूर आले, पण बाज येईना. त्या दिवशी दादा त्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ घेऊन आले होते. पाच मिनिटं उभ्यानं ऐकलं आणि म्हणाले, "मुखडा क्यों बजाता है? पहले गाना का पूँछ पकड़ो." त्यांनी स्वतः सुई उचलली आणि रेकॉर्डच्या अगदी आतल्या रेघांवर नेऊन ठेवली.

धून संपताना वादक बहुधा एकदा सगळ्या तारांवरून अंगठा सावकाश फिरवतो. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत, झ-न-न-न-न-न. आपण तो झंकार 'संपलं' म्हणून ऐकतो आणि सुई उचलायला हात पुढं करतो. दादांनी तो मला दहा-बारा वेळा ऐकवला. प्रत्येक वेळी त्यातला एकच सूर पकडायला लावला. पहिल्यांदा फक्त सर्वांत खालचा. तो गुणगुणून झाला की पेटीवर बोट ठेवायचं. मग सुई पुन्हा मागं, आणि फक्त त्याच्या वरचा. सहा सूर सहा फेऱ्यांत मिळाले. पाटीवर लिहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या तारा वेगळ्याच कॉर्डला लावलेल्या होत्या. दोन महिने मी चुकीच्या घरात किल्ली फिरवत होतो.

तू कॅसेटचा शेवट असाच ऐक. सहाच्या सहा नाही मिळाले तरी वरच्या, म्हणजे बारीक तीन तारांचे तीन सूर तरी मिळतील. धुनेचा सा क्षणभर बाजूला ठेव आणि हे तिघं आपापसांत कसे आहेत तेवढं बघ. खालून वर सा-ग-प असे आले, तर पूर्ण जुळणी प सा प सा ग प अशी असणार. माझ्या कानावर ही सगळ्यांत जास्त आली आहे. हिचा सा पांढरी सहावर धरला तर तिला ए ट्यूनिंग म्हणतात, पांढरी पाचवर धरला तर जी. आकार तोच, फरक फक्त दोन पडद्यांचा. तिघं ग-प-सां असे आले, तर जुळणी सा प सा ग प सां; ही बहुतेक ई किंवा डी. आणि ते तीन सूर कोमल गांधाराच्या उदास कॉर्डसारखे वाटले, तर ते मुळात ध-सा-ग असण्याचा संभव आहे. तेव्हा जुळणी सा ग प ध सां गं, जिला सी सिक्स्थ म्हणतात. नुसत्या प-सा-ग वर लावलेल्या गिटारीत सरळ बारखाली तीन शेजारच्या तारांवर कोमल गांधाराची पुरी कॉर्ड येऊच शकत नाही. म्हणून ती पुरी ऐकू आली आणि सबंध घसरत गेली, की ओळख लगेच पटते.

पण एकट्या झंकारावर विसंबू नको. वादकानं मधली एखादी तार सोडलेली असते, किंवा तिथं कॅसेट खरखरते. दुसरी परीक्षा घे, आणि ही मला पहिलीपेक्षाही आवडते. धुनेत दोन सूर जोडीनं घसरतात ती जागा शोध, तुझी अडचण तिथंच आहे ना? घसरण्याच्या सुरुवातीला दोघांतलं अंतर पेटीवर पडद्यांत (काळी-पांढरी प्रत्येक पट्टी म्हणजे एक पडदा) मोज, शेवटी पुन्हा मोज. बार सरळ आहे तोवर हे अंतर बदलत नाही. आता तीन जुळण्यांची मापं सांगतो, पहिल्या (बारीक) तारेपासून खाली. प सा प सा ग प मध्ये पहिल्या-दुसऱ्या तारेत ३ पडदे, दुसऱ्या-तिसऱ्यात ४, तिसऱ्या-चौथ्यात ५. सा प सा ग प सां मध्ये ५, ३, ४. सी सिक्स्थमध्ये ४, ३, २. ही नऊ आकडी ओळ माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे, तूही लिही. समज, वरच्या जागा सगळ्या ३ च्या अंतरानं घसरतात आणि त्याखालच्या ४ च्या, तर गिटार पहिल्या जुळणीची. जोडीत शेजारी-शेजारी २ चं अंतर ठेवून सूर घसरला, तर सी सिक्स्थशिवाय या तिघींत कुणीच ते करू शकत नाही.

आणि अंतर मध्येच बदललं तर? सा-ग हे ४ पडद्यांचं, रे-म हे ३ चं. धून सा-ग वरून रे-म वर गेली, तर दोन शक्यता. नखीचा 'टक्' नव्यानं ऐकू आला, तर वादकानं तारांची जोडी बदलली. टक् नाही आणि सूर न तुटता पोचला, तर त्यानं बार तिरका केला, एका तारेवर एक पडदा मागं ठेवून. तिरक्या बारवर कंप नीट देता येत नाही, त्यामुळे तो सूर थोडा स्थिर, थोडा ताठ येतो. हा 'टक्' ऐकायला शिक. त्यासाठी मोबाइलवर गाणं निम्म्या वेगानं लाव. आताच्या अॅपमध्ये वेग कमी केला तरी सूर उतरत नाही. आमच्या वेळी चार वेगांच्या रेकॉर्डप्लेअरवर ३३ ची, म्हणजे मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड १६ वर लावायचो. वेग निम्मा व्हायचा पण सगळं एक सप्तक खाली जायचं, गिटार जणू विहिरीतून वाजायची. तरी त्या विहिरीतूनच मी टक् ऐकायला शिकलो.

धून कोमल गांधाराची असेल तर एक खूण सांगून ठेवतो, म्हणजे अडणार नाहीस. प सा प सा ग प या जुळणीत सा ज्या पडद्यावर पुरी कॉर्ड देतो, तिथून बार चार पडदे मागं घे आणि वरच्या दोनच तारा छेड. सा आणि कोमल ग मिळतात. जुने वादक अशाच दोन तारांवर उदास धुना काढायचे. बाकीच्या तारा ते उजव्या तळहातानं दाबून ठेवायचे.

आता राहिलं ए की जी हे ठरवणं. त्यासाठी मोकळी तार शोध. मोकळ्या तारेवर बार नसतो, म्हणून तिच्या सुरात कंप नसतो, आणि खालून मींड घेत तिच्यावर जाऊन थांबता येत नाही. धुनेत जो सूर दर वेळी सरळ, उघडा, थोडा झणझणीत येतो, तो पेटीवर बघ. असे दोन-तीन सूर पांढरी तीन, पांढरी सहा आणि काळी एक निघाले, तर गिटार एची आहे. पांढरी दोन, पाच आणि सात निघाले, तर जीची. बाराव्या पडद्यावर तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेला घंटीसारखा सूर असतो, त्याला हार्मोनिक म्हणतात. तसे दोन-तीन एकदम वाजले तर तेही मोकळ्या तारांचेच सूर सांगतात, फक्त एक सप्तक वरचे.

हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर करू नको. ए जुळणीत सहावी तार ८२ हर्ट्‌झची, पाचवी ११०, चौथी १६५. मोबाइलच्या त्या टिकलीएवढ्या स्पीकरातून हे सूर निघतच नाहीत, तुला त्यांची सावली ऐकू येते. इअरफोन लाव. गाणं स्टीरिओ असेल तर एकदा फक्त डावा, एकदा फक्त उजवा कानात ठेव. कधीकधी तबला एकीकडे जातो आणि गिटार उघडी पडते.

अजून एक. तारा लावल्यावर ट्यूनर अॅप ग ला बरोबर म्हणेल, तरी कॉर्ड किंचित हलल्यासारखी वाटेल. एका पडद्याचे १०० भाग केले तर ग तिथून सुमारे १४ भाग खाली उतरव. हलणं थांबेल. आजोबांच्या गिटारीत ग तसाच लागलेला असणार, कारण ते कानानं लावायचे. लावून झाली की एखाद्या रविवारी आर्वीला घेऊन ये, नट आणि ब्रिज, म्हणजे तारा दोन टोकांना ज्यांवर टेकतात त्या पट्ट्या, मी बघून देतो.

प्रश्न : आमच्या महिला भजन मंडळात मी पेटी वाजवते. एका जुन्या धुनेची चाल भजनाला बसवते आहे. पण काळी एक धरली तर गाणं वर वाटतं, पांढरी दोन धरली तर खाली. माझा कान चुकतो की पेटी?
– गृहिणी, मोर्शी

उत्तर : ताई, दोन्ही नाही. बहुधा यंत्र चुकतंय. वेग बदलला की सूर बदलतो, आणि फार थोड्या वेगानं बदलतो. एक पडदा सरकायला साधारण ६ टक्के वेग पुरतो. म्हणजे कॅसेट ३ टक्के पळाली की तुम्ही नेमक्या दोन पट्ट्यांच्या मध्ये येऊन पडलात. ७८ ची रेकॉर्ड कुणी ८० नं वाजवून कॅसेटवर उतरवली, तरी जवळजवळ अर्धा पडदा जातो.

याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. १९८४ मध्ये एका शहरातल्या रेकॉर्डिंगच्या दुकानात गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट देऊन मी १२ धुना भरून आणल्या. तिथला भरणारा डेक हळू चालत होता, त्यामुळे माझ्या डेकवर सगळ्या धुना चढून वाजायच्या. मला वाटलं वादकानंच तारा चढवल्या असतील. मीही चढवल्या, महिनोन्‌महिने तशाच ठेवल्या, आणि मे महिन्यात एका दुपारी दुकानात असतानाच मागं 'कट्' आवाज झाला. गिटारचा ब्रिज बुडातून उचलला गेला होता. आर्वीचं ऊन, सरस आधीच मऊ पडलेला आणि त्यावर तो ताण. गिटार मी नीट केली, पण तो डाग अजून आहे.

तुम्ही असं करा. त्याच कॅसेटच्या त्याच बाजूची आणखी तीन-चार गाणी पेटीवर ताडून बघा. सगळीच सारख्या मापानं वर असतील, तर दोष कॅसेटचा किंवा टेपचा. एकच वर असेल, तर ती मूळ रेकॉर्डच तशी उतरवलेली. मग धुनेत पेटी, पियानो असं सुरात बांधलेलं वाद्य असेल ते ऐका. ते कुणी गाण्यापुरतं चढवत-उतरवत नाही. त्याच्या सगळ्यांत जवळची पट्टी ती खरी. तुमच्या वर्णनावरून गाणं काळी एकचं असून थोडं पळत असावं, किंवा पांढरी दोनचं असून थोडं हळू चालत असावं; कोणतं ते शेजारची गाणी ताडल्यावरच ठरवा.

पट्टी ठरली की पेटीचा सूर हलत नाही, तेव्हा गाणंच हलवायचं. मोबाइलमध्ये असेल तर वेग आणि सूर वेगवेगळे सरकवणारी अॅप्स आहेत, तुमची मुलगी दोन मिनिटांत लावून देईल. टेपवरच वाजवत असाल तर आधी बेल्ट बघा. जुना बेल्ट सैल पडून टेप हळू चालते. पळत असेल तर दोष बहुधा मोटरमध्ये. बऱ्याच मोटरींच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत पितळी किंवा पांढरा प्रीसेट, म्हणजे वेग कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू, दिसतो. प्लॅस्टिकच्या दांडीच्या बारीक स्क्रूड्रायव्हरनं तो केसभर फिरवायचा, पेटीवर सा धरून ठेवायचा आणि गाणं येऊन सा ला लागलं की हात काढून घ्यायचा. केसभर म्हणजे खरोखर केसभर. मी शिकाऊ पोरांना हे काम पहिली दोन वर्षं देत नाही.

रेकॉर्डच वाजवत असाल तर वर्‍हाडच्या उन्हाचा एक खास त्रास. उन्हाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली एलपी वाकते. मग सूर डुलतो आणि आपल्याला तो गिटारचा कंप वाटतो. घड्याळ लावून बघा : ३३ ची रेकॉर्ड एका फेऱ्याला १.८ सेकंद घेते. डुलणं दर १.८ सेकंदाला, आणि पेटी-तबल्यासकट सगळ्यांचंच असेल, तर ती वाकलेली रेकॉर्ड. गिटारचा खरा कंप सेकंदाला चार-पाच वेळा हलतो आणि एकट्या गिटारचाच असतो. रेकॉर्डी उभ्या, सरळ, गच्च लावून, आतल्या खोलीत ठेवा.

प्रश्न : मी झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन आणि सिंथेसायझर वाजवतो. जुन्या गाण्यांच्या मधल्या म्युझिकमध्ये जे घसरतं वाद्य येतं ते स्टील गिटार आहे, सरोद आहे की व्हायोलिन, हे ओळखू येत नाही. आणि ते सिंथेसायझरवर काढता येईल का?
– वादक, वडसा

उत्तर : भाऊ, रात्री दहाला घंटा झाल्यापासून पहाटेपर्यंत नाटकाबरोबर जागणाऱ्या वादकांबद्दल मला फार आदर आहे, म्हणून तुमचं पत्र मुद्दाम घेतलं. ओळख सुरुवातीच्या आघातावरून करा. व्हायोलिनला टक् नसतो, गज ओढतो. सरोदला टक् असतो, पण सूर लवकर विझतो आणि वादक पुन्हा पुन्हा छेडतो. स्टील गिटारला टक् असतो आणि त्यानंतर सूर लांबच लांब जगतो. विजेवरची असेल तर आणखी. फसगत एकाच ठिकाणी होते : वादकाच्या पायाखाली आवाजाचं पेडल असेल तर तो टक् दाबून आवाज मागाहून उमलवतो, आणि ते व्हायोलिनसारखं लागतं. तेव्हा दोन-तीन सूर जोडीनं, सारख्याच मापानं घसरतात का ते बघा. घसरले तर गिटार. व्हॅन शिप्ली हे गिटार आणि व्हायोलिन दोन्ही वाजवणारे वादक. त्यांच्या धुना ऐकल्यात तर हा फरक एकाच माणसाच्या हातून ऐकायला मिळेल.

सिंथेसायझरवर निघेल, आणि बरं निघेल. डाव्या हाताला पिच बेंडचं चाक असतं ना, ते दाबलेले सगळे सूर एकाच मापानं सरकवतं. हुबेहूब सरळ बार. बहुतेक यंत्रांत ते दोनच पडदे सरकतं, सेटिंगमध्ये जाऊन पाच किंवा सात करा. उजव्या हातानं सा-ग-प धरा आणि चाक खालून वर आणा. फक्त तिरक्या बारच्या जागा चाकावर येणार नाहीत; त्या सोडून द्या, किंवा तिथं सूर सुटे वाजवा. आणि चाक सोडून देऊ नका, बोटानं हलकेच हलवत ठेवा, नाहीतर पोचल्यावर सूर मेल्यासारखा उभा राहतो. नाटकात नायिका एकटी उभी असते आणि दिवा तिच्यावर येतो, त्या जागी ही दोन सुरांची घसरण वाजवून बघा. मागच्या रांगेतल्या सतरंजीवरचा माणूससुद्धा मान वर करेल.

प्रश्न : तुम्ही दिवाळी अंकात ए ट्यूनिंग सांगितलं. तसं लावताना माझ्या दोन तारा तुटल्या, एक तर डोळ्याजवळून गेली. चूक काय झाली?
– निवृत्त शिक्षक, घाटंजी

उत्तर : गुरुजी, चूक माझी. लेखात ही सूचना द्यायला हवी होती, आणि डोळ्याचं वाचून मला रात्री झोप लागली नाही. साध्या गिटारच्या तारा ए मध्ये न्यायच्या तर दुसरी, तिसरी आणि चौथी, तिन्ही दोन-दोन पडदे चढवाव्या लागतात. दुकानात मिळणारा साधा संच त्या ताणासाठी नसतो, आणि जुनी गंजकी तार तर नाहीच नाही. तुम्ही जी लावा. तिथं पहिली, पाचवी आणि सहावी दोन-दोन पडदे उतरवायच्या. बाकीच्या तीन जिथं आहेत तिथंच राहतात. आकार तोच, प सा प सा ग प. मानेवरचा ताणही उतरतो. रेकॉर्डवरची धून एची असेल तर तुमचा बार तिच्यापेक्षा दोन पडदे पुढं धरा, सूर तेच येतील. फक्त त्या धुनेतल्या मोकळ्या तारा आता मोकळ्या राहणार नाहीत, दुसऱ्या पडद्यावर येतील, एवढं लक्षात असू द्या.

ए च हवं असेल तर हवाईयन गिटारचा वेगळा संच मागवा आणि दुसरी, तिसरी आणि चौथी तार त्यातली घ्या. तार चढवताना तोंड गिटारपासून लांब ठेवा, खुंटी एका वेळी पाव फेराच फिरवा आणि मध्ये तार बोटानं हलकी ओढून बसू द्या. आणि कृपा करून चष्मा लावूनच तारा लावत जा.